रफूमावशी आणि मंत्र्यांचं अर्धं वाक्य

आमच्या सभागृहात मंत्री काय बोलतात हे कुणालाच कळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी मंत्री काय बोलले हे सगळ्यांना कळतं. या दोन गोष्टींच्या मधे एकतीस वर्षं रफूमावशी बसल्या होत्या.

बसल्या होत्या म्हणजे खरोखरच बसल्या होत्या. अध्यक्षांच्या उंच खुर्चीच्या बरोबर खाली एक बुटकं टेबल आहे. तिथे आम्ही प्रतिवेदक बसतो आणि सभागृहात जे जे बोललं जातं ते शॉर्टहँडमध्ये उतरवून घेतो. दहा-दहा मिनिटांची पाळी असते. टेबलाला दोन खुर्च्या, एक लिहिणाऱ्याची आणि दुसरी पुढच्या पाळीवाल्यानं आधी येऊन टेकायची. आपली दहा मिनिटं संपली की वही उचलायची, दुसऱ्या मजल्यावर जायचं आणि लिहिलेलं टाइप करायचं. मावशींच्या पाळीनंतर माझी पाळी, असं चौदा वर्षं चाललं. त्यामुळे मावशींना जितकं मी पाहिलंय तितकं त्यांच्या नवऱ्यानंही पाहिलं नसेल, आणि ही तक्रार तो बिचारा स्वतःच करायचा.

अंगानं काटकुळ्या, चष्मा दोरीला बांधलेला, अंबाड्यात दोन टोकदार पेन्सिली खोचलेल्या. रोज सकाळी त्या बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात पेन्सिलींना टोक काढत बसायच्या. त्यांना रफूमावशी हे नाव कुणी दिलं ठाऊक नाही, पण का दिलं ते सांगतो.

एकदा एक सभासद उठले आणि म्हणाले, "अध्यक्ष महोदय, तो रस्ता, म्हणजे पूल, पूल नाही पण पुलाचं ते जे काही, ते झालं का, नाही झालं, आणि नाही झालं तर का झालं?" मावशींनी ते टाइप केलं ते असं: "पुलाचे काम अद्याप पूर्ण का झाले नाही, असा माझा शासनाला सवाल आहे." पुढच्या दहा मिनिटांत तेच सभासद परत उठले आणि तसंच काहीतरी बोलले. ती पाळी माझी होती. मी तिरसट माणूस आहे. जे कानावर पडेल ते मी कागदावर उतरवतो, 'पुलाचं ते जे काही' सकट. दुसऱ्या दिवशी सभासद कागद नाचवत वर आले.

"मी असं बोललो?"

"हो."

"मग मावशींना असं ऐकू कसं येत नाही?"

तेव्हापासून हुशार सभासद उठण्यापूर्वी मान खाली घालून टेबलाकडे बघायला लागले. मावशी असल्या की हात वर. मी असलो की सगळ्यांना अचानक चहाची तलफ.

मावशींचा मात्र एक नियम होता आणि त्या तो मला अधूनमधून ऐकवायच्या. "अरे, फाटलेलं शिवायचं. पण आपल्या पदरचं नवं कापड जोडायचं नाही." एखाद्यानं वाक्य अर्धवट टाकलं, गोंधळ झाला, घंटा वाजली, तर तिथे रेघ मारायची आणि कंसात 'गोंधळ' लिहायचं. माणूस काय बोलला असता ते आपण ठरवायचं नाही. एकतीस वर्षांत हा नियम त्यांनी कार्यालयात एकदाही मोडला नव्हता.

कार्यालयाबाहेर मात्र त्यांनी तो कधीच पाळला नव्हता. लिफ्टवाला "मावशी, आज जरा..." म्हणाला की त्या "उशीर झाला, हो" म्हणायच्या. डॉक्टर "तुम्हाला बहुतेक..." म्हणाले की "रक्तदाब" म्हणायच्या. त्यांचं लग्नही असंच ठरलं. घड्याळं दुरुस्त करणारा एक लाजाळू तरुण त्यांच्यासमोर उभा राहून म्हणाला, "तुम्ही... म्हणजे मी... जर..." आणि मावशी म्हणाल्या, "हो, चालेल मला." हे घड्याळकाका. ते अजून सांगतात, "मी हिला विचारणार होतो, तुम्ही जरा बाजूला सरकता का, माझा स्क्रू खाली पडलाय." खरंखोटं देव जाणे. "चाळीस वर्षांत," ते पुढे म्हणायचे, "हिनं माझं एक वाक्य पुरं..." आणि मावशी आतून ओरडायच्या, "ऐकलं नाही! माहितीये!"

तर मावशींच्या निवृत्तीला तीन महिने उरले असताना सभागृहात 'कामकरी कुटुंब सहाय्य विधेयक' आलं. आईबाप दोघंही कामावर जात असतील तर मूल सांभाळण्यासाठी सरकार त्या घराला दरमहा मदत देणार. विधेयक चांगलं होतं. म्हणूनच त्यावर तीन दिवस भांडण झालं.

मदत मिळणार होती ती मूल नोंदणीकृत पाळणाघरात ठेवलं तर. मग ज्या घरात आजी नाहीतर आजोबा मूल सांभाळतात त्यांचं काय? हा प्रश्न कुणीतरी काढला आणि गाडं तिथेच रुतलं.

मावशींच्या घरात हा प्रश्न अडीच वर्षांचा होता आणि जुळा होता. त्यांची लेक औषधाच्या गोळ्या पाकिटांत भरणाऱ्या कारखान्यात पाळीवर जायची. जावई लांबच्या गाडीवर ड्रायव्हर, चार-चार दिवस बाहेर. दोन्ही नाती दिवसभर घड्याळकाकांच्या ताब्यात. खरं तर काका त्यांच्या ताब्यात. एक सावकाश चाले, दुसरी सतत पळे, म्हणून काकांनी त्यांची नावं तास आणि मिनिट अशी ठेवली होती. काकांचे गुडघे कामातून गेलेले. मिनिट पलंगाखाली शिरली की तिला बाहेर काढायला ते खाली बसायचे, आणि मग त्यांना उठवायला शेजाऱ्यांना यावं लागायचं. जवळच्या पाळणाघराची फी ऐकून जावयानं एक दिवस काही खाल्लंच नाही.

शेवटी काकांनी घरात रीतसर कागद दिला. "प्रकृतीच्या कारणास्तव मी महिनाअखेर आजोबा या पदाचा राजीनामा देत आहे." खाली सही, तारीख, आणि मिनिटनं शाईत बुडवून उमटवलेला अंगठा. मावशींनी मला तो हसत हसत दाखवला. मग पेन्सिलीला टोक काढता काढता म्हणाल्या, "थट्टा नाहीये रे. त्यांना खरंच होत नाही आता. बाहेरची बाई ठेवायची तर हातात काही असायला नको? नाहीतर लेकीला नोकरी सोडावी लागेल. तिला परवाच मुकादम करतो म्हणालेत." एवढं बोलून त्यांनी पेन्सिलीचं टोक मोडलं. मी त्यांना टोक मोडताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

म्हणजे तीन दिवस त्या टेबलाशी बसून मावशी आपल्याच घराचा निकाल उतरवून घेत होत्या, आणि तोंडावरची माशी हलू देत नव्हत्या.

आणि काय ते उतरवून घेणं! एक गोल सभासद म्हणाले, आजीला पैसे दिले तर तिची माया आटेल. दुसरे छाती पुढे काढून म्हणाले, "मला माझ्या आजीनं फुकट सांभाळलं!" मागच्या बाकावरून आवाज आला, "दिसतंय!" त्यावर अर्धा तास माफीची मागणी. तिसऱ्यांनी हरकतीचा मुद्दा काढला की विधेयकात 'आजोबा' या शब्दाची व्याख्याच नाही. मग आजोबा म्हणजे कोण, सावत्र आजोबा धरायचे का, आणि दुपारी झोपलेला आजोबा कामावर आहे असं समजायचं की रजेवर, यावर अख्खी एक दुपार गेली. झोपलेल्या आजोबाला अर्धी मदत द्यावी अशी एक दुरुस्तीसूचना आली. घोरणारा आजोबा मुलांना झोपवतो, म्हणून त्याला पूर्ण द्यावी, अशी उपसूचना आली. विरोधी पक्षनेत्यांनी सरकारला ठणकावून विचारलं, "अडीच वर्षांचं मूल दिवसातून किती वेळा खातं, हे तरी या सरकारला माहीत आहे का?" सरकारला माहीत नव्हतं. सरकारनं उलट विचारलं, "तुम्हाला माहीत आहे का?" दोन्ही बाजूंनी चिठ्ठ्या बाहेर गेल्या, घरी फोन लागले, आणि दोन्ही बाजूंच्या बायकांनी सांगितलं की आम्ही कामात आहोत, नंतर करा.

मावशींनी हे सगळं असं काही रफू केलं की दुसऱ्या दिवशी वाचताना मला क्षणभर वाटलं, आपण शहाण्या लोकांच्या देशात राहतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी कल्याणमंत्री उत्तराला उभे राहिले. या मंत्र्यांची ख्याती अशी की त्यांनी आयुष्यात एक वाक्य शेवटाला नेलेलं नव्हतं. त्यांनी खाली पाहिलं, मावशी दिसल्या, चेहरा उजळला. मी शेजारच्या खुर्चीत टेकलो होतो, त्यामुळे पुढचं मी माझ्या कानांनी ऐकलं.

"अध्यक्ष महोदय," मंत्री म्हणाले, "आता राहिला प्रश्न आजी-आजोबांचा. तर ज्या घरात मुलांना आजी-आजोबा सांभाळतात, त्या घरांनाही..."

एवढ्यात विरोधी पक्षनेते उठून ओरडायला लागले. सरकारी बाकं ओरडायला लागली. कुणीतरी विधेयकाची प्रत भिरकावली, ती अध्यक्षांच्या पाण्याच्या ग्लासात पडली. घंटा वाजली. अध्यक्ष म्हणाले, सभागृह तहकूब. मंत्री अजून "घरांनाही, घरांनाही" करत उभेच होते. मग तेही चहाला गेले.

आम्ही दोघं वर आलो. मावशी टाइप करायला बसल्या आणि टेबलावरचा फोन वाजला. काका होते. मावशींनी रिसीव्हर मान आणि खांदा यांच्यात धरला आणि बोटं चालू ठेवली. आम्हाला त्याची सवय असते. आमच्या धंद्यात कान आणि हात यांच्या मधे डोकं आलं की वेग मोडतो, म्हणून डोकं आम्ही पहिल्या वर्षातच बाजूला ठेवायला शिकतो. कानात शिरलं की बोटांतून बाहेर.

"कोणत्या नाकपुडीत?" मावशी फोनवर म्हणाल्या. "घड्याळाचं चाक? केवढं?... अहो, दुसरी नाकपुडी दाबा आणि तिला शिंकरायला सांगा... ओरडू नका. कळलं. हो, गुडघे. कळले गुडघे. सगळ्या जगाला कळले." रिसीव्हरमधून काकांचा आवाज माझ्या टेबलापर्यंत पोचत होता, पण शब्द कळत नव्हते, नुसता गुरगुराट. मग एक शिंक ऐकू आली, ती मात्र स्वच्छ. "निघालं?" मावशी म्हणाल्या. "बरं. धुवा ते." फोन ठेवला, कागद मशीनमधून काढला, आणि तपासायला मंत्र्यांकडे पाठवून दिला.

टाइप केलेलं भाषण त्याच संध्याकाळी ज्याचं त्याच्याकडे तपासून सहीसाठी जातं, अशी पद्धत आहे. मंत्री स्वतःचं भाषण कधी वाचत नाहीत. ते आधीच एकदा त्यांना ऐकावं लागलेलं असतं. सही होऊन आलं, छापायला गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेपर उघडला आणि चहा माझ्या शर्टावर सांडला. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत होतं: 'सांभाळणाऱ्यालाही गुडघे असतात!' खाली कल्याणमंत्र्यांचा फोटो. आणि अधिकृत नोंदीतलं त्यांचं वाक्य जसंच्या तसं: "ज्या घरात मुलांना आजी-आजोबा सांभाळतात, त्या घरांनाही ही मदत मिळेल. मदत सांभाळणाऱ्याच्या हातात पडली पाहिजे, पाळणाघराच्या नव्हे. सांभाळणाऱ्यालाही गुडघे असतात!"

मी धावतपळत कार्यालयात गेलो. मावशी आधीच येऊन बसल्या होत्या. समोर पेपर, शेजारी त्यांची शॉर्टहँडची वही. वहीत 'घरांनाही'पाशी रेघ होती, कंसात गोंधळ. टाइप केलेल्या कागदावर रेघ नव्हती.

"हे मी लिहिलं," त्या म्हणाल्या. चेहरा पांढराफटक पडला होता. "मला आठवतसुद्धा नाही रे. मनात होतं ते बोटांतून उतरलं असणार. एकतीस वर्षांत नाही ते आता! आणि तेही स्वतःच्या घरासाठी!"

मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण माझं डोकं कुठे जाग्यावर होतं? मी आपला त्यांच्या पेन्शनच्या काळजीत.

"मावशी," मी म्हणालो, "गप्प बसा. मंत्र्यांनी सही केलीये. त्या गोंधळात ऐकलं फक्त मी, आणि मी काही ऐकलं नाही."

हे मी म्हणालो! ज्यानं 'पुलाचं ते जे काही' सोडलं नव्हतं, त्यानं. मावशींनी चष्म्यावरून माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात काकांचा फोन आला.

"वाचलं," ते म्हणाले. आज ते मोठ्यानं नव्हे, हळूच बोलत होते म्हणे. "शब्दन् शब्द वाचला. राजीनामा मागे घेतलाय. लेकीला सांगितलं, मुकादम हो म्हणून. ती रडतेय." आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

मावशींनी त्या दिवशी जेवणाचा डबा उघडला नाही. खाली सभागृहात आनंदीआनंद चालला होता. मंत्री स्वतःचं वाक्य पुन्हा पुन्हा वाचून सद्‌गदित होत होते. विरोधी पक्षनेते उठले आणि म्हणाले, गुडघ्यांचा मुद्दा मूळ आमचा, काल गोंधळात मी तोच ओरडत होतो, सरकारनं चोरला. सरकारी बाकांनी पुरावा मागितला. पक्षनेत्यांनी विजार वर करून पुराव्यादाखल स्वतःचा गुडघा दाखवला. तो अध्यक्षांनी कामकाजातून काढून टाकला.

चार वाजता मावशी उठल्या, वही काखोटीला मारली आणि सचिवांच्या खोलीकडे निघाल्या. मी वाटेत आडवा गेलो.

"लेकीचं काय?"

"लेकीचं लेक बघेल," त्या म्हणाल्या. "माझ्या वहीत रेघ आहे. उद्या कुणी म्हणेल, या बाईनं सरकारच्या तोंडी हवं ते घातलं, तर मग एकतीस वर्षं मी जे जे लिहिलं ते कोण खरं मानेल? सरक बाजूला." मला फार वाईट वाटलं आणि त्यांचा फार अभिमानही वाटला, आणि मी सरकलो, आणि त्यांच्या मागोमाग गेलो.

आमचे सचिव घाबरट. त्यांनी वही पाहिली, पेपर पाहिला, आणि म्हणाले, "बसा. म्हणजे उभ्या राहा. म्हणजे चला." ते आम्हाला थेट अध्यक्षांच्या दालनात घेऊन गेले. तिथे मंत्री आणि विरोधी पक्षनेते दोघांनाही बोलावण्यात आलं. मावशी म्हणाल्या, "ते वाक्य यांचं नाही आणि त्यांचंही नाही. ते माझं आहे. चूक माझी."

दोघंही एकदम खवळले.

"मावशी," मंत्री म्हणाले, "मी त्या वाक्यासाठी किती दिवस... किती विचार..."

"मी ओरडलो ते!" पक्षनेते म्हणाले. "माझा घसा बघा!"

एका वाक्याला दोन बाप उभे राहिले होते, आणि आईला दालनातून बाहेर काढायला निघाले होते.

अध्यक्षांनी मंत्र्यांना विचारलं, "तुम्ही 'घरांनाही'च्या पुढे खरं काय म्हणणार होतात? भाषण लिहून आणलं होतं ना?" मंत्र्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. मी त्यांच्या मागेच उभा होतो, मला स्पष्ट दिसलं. कागदावर होतं, 'त्या घरांनाही हे समजायला हवे की मदत फक्त नोंदणीकृत पाळणाघरांसाठीच आहे.' मंत्र्यांनी तो दोनदा वाचला, घडी घातली, परत खिशात ठेवला.

"हेच," ते म्हणाले. "पेपरात आहे तेच."

"तरीपण बाई म्हणतायत तर नोंद दुरुस्त करायला हवी," अध्यक्ष म्हणाले. "म्हणजे सभागृहात जाहीर करावं लागेल की आजी-आजोबांना काही मिळणार नाही. कोण जाहीर करतंय?"

मंत्री छताच्या पंख्याकडे बघायला लागले. पक्षनेत्यांना खिशात काहीतरी शोधायचं आठवलं. सचिव तर पडद्याच्या इतके जवळ सरकले की पडद्यातच गेले.

"नोंद आहे तशी राहील," अध्यक्ष म्हणाले. "विधेयकात तशी दुरुस्ती दोन्ही बाजूंनी मिळून आणा. आणि सचिव, बाहेर या. बाईंना समज द्या. लेखी."

सचिवांनी आयुष्यात कुणाला समज दिलेली नव्हती. ते खोलीत आले, खुर्चीत बसले, आणि समज उतरवून घ्यायला त्यांच्याकडे मावशींखेरीज दुसरं कुणी नव्हतं. मावशींनी अंबाड्यातली पेन्सिल काढली.

"आपल्या हातून घडलेली चूक ही अत्यंत..." सचिव म्हणाले आणि थांबले. त्यांनी आशेनं मावशींकडे पाहिलं. एकतीस वर्षं सगळे असेच त्यांच्याकडे बघत आले होते. मावशी पेन्सिल धरून बसल्या.

"अत्यंत काय, साहेब?"

"म्हणजे तुम्हीच बघा की."

"मी नाही बघणार. तुम्ही सांगाल ते लिहीन."

सचिवांनी घाम पुसला. गंभीर म्हणवेना, किरकोळ म्हणता येईना. शेवटी ते म्हणाले, "असू दे. टाइप करा आणि आणा." मावशींनी टाइप करून आणलं, सचिवांनी सही केली. तो कागद आजही त्यांच्या फायलीत आहे: "आपल्या हातून घडलेली चूक ही अत्यंत. आपला, सचिव."

शिक्षा म्हणून उरलेले तीन महिने मावशींना खालच्या टेबलावरून काढून सूचीच्या खोलीत बसवलं, जुन्या खंडांत कुठल्या पानावर काय आहे त्याची यादी करायला. त्यांच्या पाळ्याही मला मिळाल्या. पहिल्याच आठवड्यात छापलेलं कामकाज वाचून लोकांना धक्का बसला. सभासद माझ्यासमोर उठायला कचरू लागले. कित्येकांनी भाषणं घरी आरशासमोर करून बघितली आणि मग केलीच नाहीत. अधिवेशन आठ दिवस लवकर संपलं. माझी कुणी बढतीसाठी शिफारस केली नाही ते सोडा.

मावशी निवृत्त झाल्यावर महिन्याभरानं मी त्यांच्या घरी गेलो. पहिली मदत आली होती, काकांच्या नावावर. त्यातून सकाळी एक बाई यायला लागल्या होत्या, त्या मिनिटच्या मागे पळत. काका खुर्चीत गुडघे शेकत बसलेले, तास त्यांच्या मांडीवर. लेक मुकादम होऊन कामावर गेलेली. भिंतीवर लंबकाचं मोठं घड्याळ होतं, आणि त्याच्या काचेच्या आत, लंबकाच्या मागे, ते पेपरचं पान लावलेलं. लंबक डावीकडे गेला की 'गुडघे' दिसायचं, उजवीकडे गेला की मंत्र्यांचं नाक.

मावशी माझ्यासाठी चहा घेऊन आल्या. "काढा म्हणते मी ते पान," त्या मला म्हणाल्या. "सारखं डोळ्यांसमोर. माझ्या चुकीची जाहिरात. माझ्या मनात होतं ते बोटांतून उतरलं."

काका हसायला लागले. एवढे हसले की तास मांडीवर वरखाली झाली.

"तुझ्या मनातलं?" ते म्हणाले. "अगं, गुडघे कुणाचे आहेत? त्या दिवशी फोनवर काय ओरडत होतो मी? चाक मिनिटच्या नाकात, आणि मी बोंबलतोय की ही मदत मिळेल, मदत सांभाळणाऱ्याच्या हातात पडली पाहिजे, पाळणाघराच्या नव्हे, सांभाळणाऱ्यालाही गुडघे असतात म्हणून. आणि तू टकटक करत होतीस. सकाळी पेपर उघडला, तर मीच! शब्दन् शब्द!"

मावशी कपबशी हातात धरून उभ्याच राहिल्या. मी माझ्या कपाळावर हात मारून घेतला. कानात शिरलं की बोटांतून बाहेर, हे मी चौदा वर्षं करत आलो होतो, आणि मला दिसलं नाही.

"मग बोलला का नाहीत?" त्या म्हणाल्या.

"मला वाटलं तू मुद्दाम केलंस. बोललो असतो तर तुझी नोकरी गेली असती." काकांनी तासच्या मुठीतून आपला चष्मा सोडवून घेतला. "आणि म्हटलं, एकतीस वर्षं सगळ्या गावाचं लिहून घेतलंस. चाळीस वर्षं माझं बोलणं आधीच संपवत आलीस. आज पहिल्यांदाच माझं बोलणं..."

तासनं त्यांचा चष्मा परत ओढला आणि ते थांबले. मावशींनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता संपवणार. पण त्यांनी तोंड मिटलं, कपबशी टेबलावर ठेवली आणि त्यांच्यासमोर स्टुलावर बसून राहिल्या.

काकांनी चष्मा सोडवला, पुसला, डोळ्यांवर चढवला.

"...तू जसंच्या तसं लिहून घेतलंस," ते म्हणाले.